इंट्यूनमध्ये ‘इन्स्टॉल्ड’ असलेली ७१ मशीन सुरक्षा कन्सोलवर का दिसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: कंपनीत ३०० विंडोज ११ लॅपटॉप आणि ८० मॅक आहेत. जुना अँटिव्हायरस काढून नवा ईडीआर एजंट (मशीनवरची धोकादायक हालचाल ओळखून रोखणारा प्रोग्रॅम) इंट्यूनमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळण्याच्या सेवेतून, सगळीकडे पाठवला. इंट्यून ३१२ मशीनवर ‘इन्स्टॉल्ड’ दाखवतं, एजंटच्या स्वतःच्या सुरक्षा कन्सोलवर मात्र २४१च मशीन दिसतात. मधली ७१ गेली कुठे, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

इंट्यूनची हिरवी खूण एवढंच सांगते की तुम्ही लिहिलेल्या डिटेक्शन रूलला (‘अॅप बसलंय का’ हे तपासणारी अट) ‘हो’ असं उत्तर मिळालं. एजंटची सर्व्हिस चालू आहे का, त्याला तुमच्या कंपनीचा ग्राहक क्रमांक मिळाला का, तो क्लाउडशी बोलतोय का, यातलं काहीच त्या खुणेत नसतं. ३८० पैकी जिथे इन्स्टॉल झालंच नाही ती ६८ मशीन निदान लाल दिसतात, त्यांच्यामागे कोणीतरी लागेल. या ७१ बद्दल सगळे निर्धास्त आहेत, म्हणून आधी ती हातात घ्या.

दोन्ही कन्सोलवरून याद्या एक्स्पोर्ट करा आणि सीरियल नंबरवर जुळवा. नावावर जुळवू नका. मशीन पुन्हा फॉरमॅट झालं की नाव बदलतं, एकाच नावाच्या दोन नोंदी उरतात आणि हिशेब कधीच बसत नाही. असेंबल केलेले डेस्कटॉप असतील तर सीरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच लिहिलेलं सापडतं. तिथे एन्ट्राचा (मायक्रोसॉफ्टची खाती आणि मशीन ओळखणारी सेवा) डिव्हाइस आयडी वापरा. यादी जुळली की पहिल्यांदा ‘लास्ट चेक-इन’चा रकाना बघा. इंट्यून शेवटचं कळलेलं तेवढंच दाखवत राहतं. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचा लॅपटॉप दोन महिने कपाटात पडून असला तरी त्याच्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ तसंच राहतं, आणि सुरक्षा कन्सोलने मात्र तो निष्क्रिय म्हणून यादीतून केव्हाच बाजूला काढलेला असतो. ३० दिवसांत इंट्यूनशी न बोललेली मशीन वेगळी काढा. ती प्रत्यक्ष शोधायची आहेत, एजंटचा त्यात दोष नाही.

उरलेल्या विंडोज मशीनवर डिटेक्शन रूल तपासा. ‘प्रोग्रॅम फाइल्समध्ये अमुक फोल्डर आहे का’ एवढाच रूल असेल तर अर्धवट मोडलेलं इन्स्टॉलही त्यात पास होतं. एमएसआयचा (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) प्रॉडक्ट कोड त्यापेक्षा बरा, पण हे एजंट स्वतःला अपडेट करतात आणि नव्या आवृत्तीबरोबर कोड बदलू शकतो. मग इंट्यूनला वाटतं एजंट गेला. ते जुनं पॅकेज पुन्हा बसवायला जातं आणि ‘दुसरी आवृत्ती आधीच आहे’ अशा अर्थाचा १६३८ हा कोड घेऊन परत येतं. स्वतःची पॉवरशेल स्क्रिप्ट लिहा आणि तिला तीन गोष्टी बघायला लावा: सर्व्हिस ‘रनिंग’ आहे, रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) एजंटचा ओळख क्रमांक भरलेला आहे, आणि आवृत्ती तुम्ही ठरवलेल्या किमान आवृत्तीएवढी किंवा पुढची आहे. ‘बरोबर अमुकच आवृत्ती’ अशी अट कधीही घालू नका.

ही स्क्रिप्ट लिहिताना दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. इंट्यून स्क्रिप्ट यशस्वी मानतं ते एक्झिट कोड (काम संपताना दिलेला क्रमांक) शून्य असेल आणि स्क्रिप्टने काहीतरी मजकूर बाहेर छापला असेल तरच. नुसतं शून्य देऊन गप्प बसलात तर ‘सापडलं नाही’ असाच अर्थ घेतला जातो. दुसरं म्हणजे इंट्यूनचा विंडोजवरचा एजंट ही ३२-बिट प्रक्रिया आहे. तिच्यातून चालणाऱ्या आज्ञेने रजिस्ट्रीची सॉफ्टवेअर शाखा उघडली की विंडोज तिला गुपचूप ३२-बिट प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या शाखेत नेऊन सोडतं, आणि सिस्टम३२ फोल्डर मागितला की सिसवॉव६४ हा ३२-बिट फाइलींचा फोल्डर समोर येतो. हाताने चालवल्यावर चोख चालणारी स्क्रिप्ट इंट्यूनमधून पाठवली की नापास होते ती बहुतेक यामुळे. डिटेक्शन स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये ‘३२-बिट म्हणून चालवा’ला ‘नाही’ करा. इन्स्टॉलच्या आज्ञेत ६४-बिट पॉवरशेल हवं असेल तर सिसनेटिव्हच्या (खऱ्या सिस्टम३२ कडे नेणारं टोपणनाव) वाटेने बोलवा.

आता ग्राहक क्रमांक. बहुतेक एजंटना इन्स्टॉलच्या वेळी टोकन किंवा कस्टमर आयडी द्यावा लागतो, एमएसआय असेल तर प्रॉपर्टी म्हणून. विंडोज इन्स्टॉलरमध्ये बाहेरून देता येणाऱ्या प्रॉपर्टीचं नाव पूर्ण मोठ्या लिपीत लागतं आणि अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एखादं अक्षर चुकलं, तरी इन्स्टॉलर बहुधा तक्रार करत नाही. त्याच्या लेखी ती कोणतीतरी दुसरीच प्रॉपर्टी असते. पॅकेज बसतं, एक्झिट कोड शून्य येतो, इंट्यून खूश, आणि एजंट कोणत्या कंपनीचा हेच न कळल्यामुळे क्लाउडला कधी हाकच मारत नाही. टोकन ईमेलमधून कॉपी करताना शेवटी चिकटून आलेली मोकळी जागा किंवा वर्डने बदललेली वळणदार अवतरणचिन्हंही हाच परिणाम घडवतात. आज्ञा नेहमी साध्या नोटपॅडमध्ये लिहा. एमएसआयला विस्तृत लॉग लिहायला सांगा आणि ती फाइल इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनच्याच (इंट्यूनचा विंडोजवरचा एजंट) लॉग फोल्डरमध्ये, डॉट-लॉग या शेपटाने टाका. इंट्यूनचं ‘कलेक्ट डायग्नोस्टिक्स’ ते फोल्डर उचलून आणतं, त्यामुळे नाशिकच्या शाखेतला लॉग पुण्यात बसून वाचता येतो, कोणाच्या स्क्रीनवर रिमोट घ्यावं लागत नाही.

एक्झिट कोड वाचताना: ३०१० म्हणजे काम झालं, रीस्टार्ट बाकी. १६१८ म्हणजे त्याच वेळी दुसरं इन्स्टॉल चालू होतं, पुन्हा प्रयत्न होईल. १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’. त्याचं कारण कोडमध्ये नसतं, एमएसआय लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि त्याच्या वरच्या १५-२० ओळी वाचा. इंट्यून फसलेलं इन्स्टॉल ५-५ मिनिटांच्या अंतराने ३ वेळा करून बघतं आणि मग साधारण २४ तास थांबतं. दुपारी दुरुस्त केलेलं पॅकेज संध्याकाळी बसलेलं दिसत नसेल तर लगेच घाबरू नका.

टोकन बरोबर, सर्व्हिस चालू, तरी कन्सोलवर मशीन नाही, असं असेल तर नेटवर्ककडे वळा. एजंट लोकल सिस्टम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून चालतो. माणसाने ब्राउझरमध्ये भरलेला प्रॉक्सी त्याला दिसत नाही. विनएचटीटीपीचा (विंडोजच्या सर्व्हिस ज्यातून नेटवर जातात तो भाग) प्रॉक्सी वेगळा लावावा लागतो किंवा एजंटच्या इन्स्टॉल आज्ञेत द्यावा लागतो. ‘क्रोममध्ये तो पत्ता उघडतोय की’ ही तपासणी म्हणूनच निरुपयोगी आहे, सिस्टम खात्यातून तपासा. फायरवॉलवर एसएसएल तपासणी (एन्क्रिप्टेड वाहतूक मध्येच उघडून बघणं) चालू असेल तर एजंटच्या क्लाउड पत्त्यांना त्यातून वगळा, पोर्ट ४४३ नुसतं उघडं असून भागत नाही. फायरवॉलचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये टाकलेलं असल्याने ब्राउझर खपवून घेतो. एजंट मात्र बहुतेक वेळा ठरावीक सर्टिफिकेटच मानतो आणि मध्ये कोणी बसलंय असं दिसताच जोडणी तोडतो. काही एजंट तर ठरावीक मिनिटांत क्लाउड न भेटल्यास इन्स्टॉलच मागे घेतात. जुन्या मशीनवर घड्याळही बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि कोणतंच सर्टिफिकेट वैध ठरत नाही. घड्याळं एनटीपीशी (नेटवर्कवरून वेळ देणारी पद्धत) जुळवणं सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहेच. त्याच निर्देशांत घटना ६ तासांच्या आत कळवण्याचं आणि लॉग १८० दिवस जपण्याचं बंधन आहे. कोणत्या मशीनवर एजंट झोपलाय हे ठाऊक नसेल तर ते ६ तास मशीन शोधण्यातच जातात.

एक शक्यता लोक सर्वांत शेवटी तपासतात: मशीन गायब नाहीत, एकाच ओळीत कोंबली गेली आहेत. लॅपटॉप पुरवठादाराने किंवा तुमच्याच टीमने एजंटसकट मास्टर इमेज (तयार मशीनची हुबेहूब प्रत) बनवली आणि ती २५ मशीनवर ओतली, तर पंचविसांना एकच ओळख क्रमांक मिळतो. सुरक्षा कन्सोलवर एकच नोंद दिसते आणि तिचं होस्टनेम दर काही मिनिटांनी बदलत राहतं. इंट्यूनच्या रूलला एजंट आधीच हजर सापडतो, म्हणून तिथे पंचवीसही ‘इन्स्टॉल्ड’. अशी नोंद सापडली की त्या मशीनवरून एजंट ओळखीसकट काढून नव्याने बसवा. पुढे इमेजमध्ये एजंट ठेवूच नका. ऑटोपायलटमधूनच (नवं विंडोज मशीन आपोआप तयार करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) तो येऊ द्या आणि एनरोलमेंट स्टेटस पानावर त्याला ‘हे बसल्याशिवाय डेस्कटॉप नाही’ या यादीत टाका. तिथे विन३२ पद्धतीची पॅकेजं आणि जुन्या लाइन-ऑफ-बिझनेस पद्धतीच्या एमएसआय एकत्र मिसळू नका. दोन्ही एकाच वेळी इन्स्टॉलर धरायला जातात आणि सेटअप अडकतो.

जुना अँटिव्हायरस काढण्याचा क्रम असा ठेवा. त्याच्या स्वतःच्या कन्सोलवरून आधी टॅम्पर प्रोटेक्शन (छेडछाड रोखणारं कुलूप) आणि अनइन्स्टॉलचा पासवर्ड उतरवा, ही पॉलिसी मशीनपर्यंत पोचल्याची खात्री करा, मग काढा, रीस्टार्ट द्या, मग नवा बसवा. लायसन्स संपून जुनं कन्सोल बंद होण्याच्या आधी हे उरका. नंतर प्रत्येक मशीनवर सेफ मोडमध्ये जाऊन साफसफाईची वेळ येते. मधल्या तासाभरात विंडोज ११ उघडं पडत नाही, दुसरा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप जागा होतो. सर्व्हरवर मात्र सिक्युरिटी सेंटरच (कोणता अँटिव्हायरस चालू आहे हे बघणारा विंडोजचा भाग) नसतं, त्यामुळे नवा अँटिव्हायरस आला तरी डिफेंडर बाजूला सरकत नाही. दोघं एकच फाइल एकाच वेळी तपासत बसतात आणि डेटाबेस सर्व्हर रांगायला लागतो. तिथे डिफेंडरचं फीचर काढायचं, किंवा डिफेंडर फॉर एंडपॉइंट (मायक्रोसॉफ्टचं ईडीआर) घेतलेलं असेल तर त्याला पॅसिव्ह मोडमध्ये टाकायचं, हे हाताने ठरवावं लागतं.

आता एक अप्रिय गोष्ट. कन्सोलवर दिसणाऱ्या २४१ वरही पूर्ण विश्वास टाकू नका, विशेषतः त्यातल्या मॅकवर.

मॅकवर एजंटचा मुख्य प्रोग्रॅम बसतो, क्लाउडशी बोलतो, यादीत नाव येतं, पण त्याला डोळे मिळतात ते सिस्टम एक्स्टेन्शन आणि फुल डिस्क अॅक्सेसमधून. या परवानग्या माणसाने सेटिंग्जमध्ये जाऊन द्याव्यात किंवा एमडीएम प्रोफाइलने, म्हणजे इंट्यूनसारख्या साधनाने दुरून पाठवलेल्या सेटिंगच्या संचाने. त्या नसतील तर यादीत नाव आहे आणि डेस्कटॉपवरची फाइल वाचता येत नाही, अशी अवस्था होते. म्हणून मॅकवर प्रोफाइल आधी, पॅकेज नंतर. लागणारी प्रोफाइल बहुतेक एजंटना सारखीच असतात: सिस्टम एक्स्टेन्शनची मंजुरी, नेटवर्क फिल्टर, फुल डिस्क अॅक्सेस, मॅकओएस १३ पासून बॅकग्राउंड सर्व्हिसेस, आणि नोटिफिकेशन. बॅकग्राउंड सर्व्हिसेसचं प्रोफाइल राहिलं तर ‘लॉगिन आयटम्स’मध्ये एजंटच्या नावापुढचं बटण कोणीही बंद करू शकतं, आणि ‘हे काय नवीन आलं’ म्हणून लोक ते करतातही.

सिस्टम एक्स्टेन्शनच्या प्रोफाइलमध्ये विक्रेत्याचा १० अक्षरांचा टीम आयडी असतो. त्यातला शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत झाली की प्रोफाइल मशीनवर पोचतं, इंट्यून ‘सक्सीडेड’ म्हणतं, आणि काम होत नाही. टर्मिनलमध्ये सिस्टम-एक्स्टेन्शन्स-सीटीएलची यादी मागवा. ओळीच्या शेवटी ‘अॅक्टिव्हेटेड एनेबल्ड’ हवं. ‘अॅक्टिव्हेटेड वेटिंग फॉर युजर’ दिसलं तर मंजुरी पोचलेली नाही, एक्स्टेन्शन माणसाच्या क्लिकची वाट बघत बसलंय. फुल डिस्क अॅक्सेसच्या प्रोफाइलमध्ये ‘कोड रिक्वायरमेंट’ची लांबलचक ओळ असते. तीही नोटपॅडसारख्या साध्या जागीच हाताळा, अवतरणचिन्ह वळणदार झालं की परवानगी लागू होत नाही. आणि एमडीएमने दिलेली ही परवानगी सिस्टम सेटिंग्जच्या यादीत टिक म्हणून दिसत नाही. तिथलं बटण बंद दिसलं म्हणून हेल्पडेस्कने हाताने चालू करत बसू नये, एजंटच्या स्वतःच्या हेल्थ आज्ञेवर भरवसा ठेवावा.

इंट्यूनमध्ये मॅकसाठी ‘आधी हे प्रोफाइल, मग ते अॅप’ असा क्रम लावायची सोय नाही. त्यावर उपाय आहे. पीकेजी (मॅकची इन्स्टॉलर फाइल) अॅपला प्री-इन्स्टॉल स्क्रिप्ट जोडता येते. तिने पाचही प्रोफाइलचे आयडेंटिफायर मशीनवर आहेत का ते बघावं आणि एकही कमी असेल तर शून्याव्यतिरिक्त कोड देऊन बाहेर पडावं. इंट्यून तेव्हा इन्स्टॉल करत नाही आणि पुढच्या चेक-इनला पुन्हा बघतं. काही तास ‘फेल्ड’ दिसेल, दिसू द्या. प्रोफाइल आणि अॅप दोन्ही एकाच गटाला द्या. प्रोफाइल डिव्हाइस गटाला आणि अॅप युजर गटाला दिलं की कधीतरी दोघांची चुकामूक होतेच. नेटवर्क फिल्टरचं प्रोफाइलही एकच ठेवा. जुन्या अँटिव्हायरसचं फिल्टर काढायचं राहिलं आणि त्यावर नवं आलं तर इंटरनेट अडखळतं आणि शिव्या नव्या एजंटला बसतात.

मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की ती थेट सगळ्यांना जाऊ देऊ नका. २०२४ मध्ये मॅकओएस १५ आल्यावर काही सुरक्षा सॉफ्टवेअरची नेटवर्क फिल्टरं बिघडली आणि १५.०.१ मध्ये अॅपलला त्यासाठी सुधारणा द्यावी लागली. एमडीएमने मोठं अपडेट ९० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं. मॅकओएस १५ मध्ये सिस्टम एक्स्टेन्शन सेटिंग्जमधून बंद करण्याची सोयही वापरणाऱ्याला मिळाली. ती बंद करणारी नवी की तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये नसणार, ती घाला.

एजंट खरंच बघतोय का हे तपासायला ६८ अक्षरांची ऐकार ही निरुपद्रवी चाचणी फाइल असते. मॅकवर ती मुद्दाम डेस्कटॉप किंवा डाउनलोड्समध्ये टाका, म्हणजे फुल डिस्क अॅक्सेसचीही परीक्षा होते. काही ईडीआर केवळ वर्तनावर चालतात आणि ऐकारकडे बघतही नाहीत. त्यांच्यासाठी विक्रेत्याने दिलेली चाचणी आज्ञा वापरा आणि कन्सोलवर अलर्ट उमटेपर्यंत थांबा.

पुढचा रोलआउट टप्प्यांनी करा: ५ ते १० मशीन, आठवड्याने ३० ते ४०, मग उरलेली. पहिल्या टप्प्यात फक्त आयटीवाल्यांची मशीन घेऊ नका, त्यांच्याकडे काहीच विचित्र नसतं. अकाउंट्समधलं टॅली चालणारं आणि जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागणारं एक मशीन पहिल्याच दिवशी घ्या. काही टोकन पेनड्राइव्हसारखी किंवा सीडीसारखी ओळख देतात आणि यूएसबी बंद करणारी पॉलिसी त्यांनाही अडवते. ते २० तारखेला रिटर्न भरताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पहिले १०-१५ दिवस एजंट नुसता नोंद करणाऱ्या मोडमध्ये ठेवा, मग अडवायला लावा.

टप्पे पॅकेजपुरते ठेवून भागत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या ईडीआर कंपनीच्या सदोष कंटेंट अपडेटने (धोके ओळखण्याच्या माहितीची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पाडली. ग्राहकांनी एजंटची आवृत्ती एक-दोन पावलं मागे ठेवली होती तरी उपयोग झाला नाही, कारण ती कंटेंट फाइल आवृत्तीच्या टप्प्यांत मोडतच नव्हती. तुमच्या एजंटमध्ये कंटेंटसाठी वेगळे टप्पे लावता येतात का ते विक्रेत्याला विचारा आणि येत असतील तर लावा. त्या दिवशी बराच वेळ गेला तो सेफ मोडमध्ये शिरण्यासाठी लागणाऱ्या बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) कीपायी. एजंट पाठवण्याआधी ३००च्या ३०० लॅपटॉपच्या रिकव्हरी की एन्ट्रामध्ये जमा आहेत का ते मोजा. ‘पॉलिसी लावलीये’ हे उत्तर नको, आकडा हवा. आणि त्या की वाचू शकणाऱ्या अॅडमिनचं स्वतःचं मशीनही बंद पडू शकतं, तेव्हा त्या दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळतील ते लिहून ठेवा.

एक्स्क्लूजनबद्दल, म्हणजे फाइली तपासणीतून वगळण्याबद्दल, हात आखडता ठेवा. रिमोट मॅनेजमेंटच्या साधनाचं संपूर्ण फोल्डर तपासणीतून वगळण्याचा सल्ला विक्रेत्यांकडून सर्रास मिळतो. २ जुलै २०२१ ला रेव्हिल टोळीने कसेया व्हीएसए या साधनातूनच रॅन्समवेअर पाठवलं, तेव्हा ते अशाच वगळलेल्या फोल्डरमध्ये उतरलं, आणि त्याच आज्ञेत डिफेंडरची रिअल-टाइम तपासणी बंद करणारी ओळही होती. सुमारे ६० ग्राहक आणि त्यांच्यामार्फत १,५०० पर्यंत व्यवसाय त्यात सापडले. वगळायचंच झालं तर सही असलेली एखादी विशिष्ट एक्झिक्युटेबल वगळा, फोल्डर नको. तुमच्या बाबतीत ते साधन म्हणजे इंट्यून. त्यातून अॅप आणि स्क्रिप्ट पाठवायला दुसऱ्या अॅडमिनची मंजुरी लागेल अशी ‘मल्टी अॅडमिन अप्रूव्हल’ची सोय आहे, ती चालू करा. अडचण झाली तर तुम्हालाच होईल, पण एका चोरलेल्या पासवर्डावर ३८० मशीन जाणार नाहीत.

एजंटचा अनइन्स्टॉल पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा अनइन्स्टॉल आज्ञेत कधीही लिहू नका. इंट्यूनचा एजंट चालवलेली आज्ञा स्वतःच्या लॉगमध्ये जशीच्या तशी उतरवतो, आणि तो लॉग मशीनवरच्या साध्या वापरकर्त्यालाही वाचता येतो. प्रत्येक मशीनला वेगळा आणि थोड्या वेळाने मरणारा टोकन देणारा एजंट असेल तर तोच पर्याय घ्या. नसेल तर काढायच्या मशीनला कन्सोलवरून वेगळ्या गटात टाकून तेवढ्यापुरतं संरक्षण उतरवा, एजंट काढा, आणि त्याच दिवशी तो गट रिकामा झालाय का ते बघा.